पोटाची जबानी

आपल्या भाषेने माणसाच्या पोटावर जितकी कामे सोपविली आहेत, तितकी सरकारने मामलेदारावरही कधी सोपविली नसतील. दुसऱ्याचे अपराध पोटात घालायचे, घरातली गुपिते पोटात ठेवायची, भीती वाटली की गोळा पोटात उठवायचा, माया दाटून आली की कालवाकालव पोटातच करायची, खर्च हाताबाहेर गेला की चिमटा पोटाला घ्यायचा, आणि शेजाऱ्याला बढती मिळाली की दुखायचेही पुन्हा पोटातच. एवढी दप्तरे ज्याच्याकडे तुंबली आहेत त्या बिचाऱ्याने एखाद्या रात्री स्वतःच्या नावाने खरीखुरी फिर्याद गुदरली, तर ती ऐकून घेण्यास घरात कोणी मोकळे नसावे, यात नवल ते काय?

माझी हयात महसूल खात्यात गेली. अव्वल कारकुनाच्या खुर्चीवर बसून जे थोडेफार शहाणपण पदरात पडले ते इतकेच, की अर्जदार तोंडाने सांगतो ते एक असते, अर्जात लिहिलेले असते ते दुसरे, आणि मूळ कज्जा असतो तो तिसऱ्याच गावच्या बांधाचा. परंतु हा न्याय शरीरासही लागू आहे, आणि पोट हा तर असल्या चुकीच्या पत्त्यावरून अर्ज करणारा सर्वांत पुराणा अर्जदार आहे, हे मला निवृत्तीनंतर सातव्या वर्षी, गेल्या कोजागिरीच्या रात्री कळले.

त्या रात्री आमच्या इमारतीच्या गच्चीवर चांदण्याच्या साक्षीने मी जे केले त्याचा पंचनामा लपविण्यात अर्थ नाही. बटाटेवडे चार, भज्यांची गणती झालेली नाही, आणि आटवून निम्मे केलेल्या केशरी दुधाचे पेले तीन. तिसरा पेला मी स्वतः मागितला नव्हता. तो आग्रहाचा होता, आणि आग्रह मोडणे आमच्या घराण्यात नाही. रात्री दोनच्या सुमारास जाग आली ती बरगड्यांखाली कोणी मोठा दगड ठेवून त्यावर आरामात बसले आहे अशा जाणिवेने. कळ येऊन जात नव्हती. आली होती आणि मुक्कामाला राहिली होती. भरीस भर म्हणून उजवा खांदाही भरून आला होता; परंतु तो गेले वर्षभर अधूनमधून भरतच असे, विशेषतः रविवारी रात्री, आणि त्यावर नारायण तेल चोळून निजणे हा शिरस्ताच पडून गेला असल्याने त्याच्याकडे मी लक्ष दिले नाही.

"ज्याचे पोट दुखेल तो ओवा मागेल" ही म्हण ज्याने केली तो गृहस्थ ब्रह्मचारी असावा. संसारी माणसाला ओवा मागावा लागत नाही. मी नुसता कूस बदलून "आई गं" म्हटले मात्र, सौभाग्यवती ओवा आणि सैंधवाची चिमूट तळहातावर घेऊन उभी! ओव्याने ढेकर आली. कळ जागची हलली नाही. तेव्हा आत्याबाई उठल्या. आत्याबाईंना चौऱ्याऐंशीवे चालू आहे, कानांनी त्यांना कमी ऐकू येते, पण घरात कोणाच्याही पोटात दुखू लागले की त्यांना भिंतीपलीकडून कळते.

"बेंबी सरकलीय," दुरूनच पाहून त्या म्हणाल्या. "काय उचललंस?"

"चौथा वडा," सौभाग्यवती म्हणाली.

बेंबी सरकली असता ती पूर्वपदावर आणण्याचा आत्याबाईंचा विधी असा, की रुग्णास उताणे निजवून, बेंबीवर कणकेचा दिवा लावून, त्यावर तांब्या पालथा घालायचा. दिवा विझतो, तांब्या पोटाला घट्ट चिकटतो, आणि बेंबी आपल्या गावी परत येते. वास्तविक बेंबी ही पोटाच्या भिंतीवरची जखम भरून निघाल्याची खूण असून तिला सरकण्यास मुळी कोठे रस्ताच नाही. परंतु रात्री दोन वाजता, पोटावर पेटता दिवा येऊ घातला असता, हा शरीरशास्त्रीय मुद्दा मांडण्याइतके धैर्य माझ्यात नव्हते. तांब्यासाठी शोधाशोध चालू असतानाच चिरंजीवांनी आपल्या खोलीतून मोबाइलवर वाचून पंधरा रोगांची फेरिस्त जाहीर केली. त्यांतल्या अकरा रोगांत रुग्ण दगावत होता. आणि एवढ्या गलक्याने जागे होऊन शेजारचे अण्णा, मफलर गुंडाळून, दारात उभे राहिले.

अण्णांविषयी येथे दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. सहा वर्षांपूर्वी अण्णांना मुतखडा झाला होता. तो पडला, आणि तेव्हापासून अण्णांचे समाजातील स्थान बदलले. मसुराच्या दाण्याएवढा तो खडा त्यांनी अंगठीच्या मखमली डबीत जपून ठेवला असून, आल्यागेल्याला तो दाखविल्याखेरीज ते चहा पुढे करीत नाहीत. जगातील यच्चयावत दुखणी ही त्यांच्या मते मुतखड्याचीच निरनिराळी रूपे आहेत.

"कुशीतून निघून जांघेत उतरतंय का?" त्यांनी विचारले.

"नाही."

"उतरेल," अण्णा आशेने म्हणाले.

पण अण्णांच्या ज्ञानात तथ्य नव्हते असे मात्र नाही. मुतखड्याची कळ पाठीकडून कुशीत आणि कुशीतून जांघेपर्यंत उतरते, लाटेसारखी चढते आणि ओसरते, आणि त्या रुग्णाला एका जागी बसवत नाही, निजवत नाही. तो घरभर येरझाऱ्या घालतो. आतल्या आवरणाला सूज आलेला रुग्ण याच्या नेमका उलट: तो हलत नाही, कोणी पलंगाला धक्का दिला तरी ओरडतो. सकाळी आमच्या डॉक्टरांनी हे मला सांगितले तेव्हा माझ्या ध्यानात आले, की पोट कुठे दुखते याच्याइतकेच पोट दुखताना माणूस कसा वागतो यावरही बिंग फुटते. आणि आमच्या कचेरीतले जुने शिरस्तेदार अर्ज न वाचता अर्जदाराच्या चालीवरून निकाल ओळखीत, ती काही निव्वळ बढाई नव्हती.

आत्याबाईंनी शेवटचा उपाय म्हणून एरंडेलाची बाटली काढली होती. सौभाग्यवतीने ती हिसकावून घेतली. तिचे कारण निराळे होते, सकाळी पाहुणे यायचे होते. पण डॉक्टरांनी ऐकल्यावर तिला हात जोडले. पोटात नेमके काय आहे ते ठाऊक नसताना रेचक पाजणे हा पूर्वी घरोघरचा रविवारचा कुळाचार होता, आणि आंत्रपुच्छाला सूज आलेली असेल तर तेच रेचक ते फुटावयास कारण होऊ शकते.

डॉक्टरांनी मला टेबलावर निजवले आणि म्हणाले, "एका बोटाने दाखवा, कुठे दुखतंय?"

मी संपूर्ण तळहात पोटावरून पंचक्रोशीच्या प्रदक्षिणेसारखा फिरवला.

"बोट," ते म्हणाले.

मला बोट ठेवता येईना. तेव्हा त्यांनी जी हकीकत सांगितली ती ऐकून माझ्यातला जुना महसुली माणूस ताडकन उठून बसला. वैद्यकाने म्हणे पोटाची रीतसर मोजणी केलेली आहे! दोन उभ्या रेघा, दोन आडव्या, आणि त्यांतून निघणारी नऊ शेते. प्रत्येक शेताला नाव, प्रत्येकाची हद्द कायम, आणि कोणत्या शेतात कोणाची वहिवाट आहे याचा उतारा तयार. उजवीकडे बरगडीखाली यकृत आणि पित्ताशय, वरच्या मधल्या चौकटीत जठर, त्यामागे पाठीला टेकून स्वादुपिंड, उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात आंत्रपुच्छ, डाव्या कोपऱ्यात मोठ्या आतड्याचा शेवटचा वळसा. एवढी चोख मोजणी झाल्यावर कज्जे उरावयास नकोत. पण येथेच घोटाळा आहे. कारण आतड्याला दुखणे कळते, पण स्वतःचे घर सांगता येत नाही.

आतड्याला कापले, चिमटले, डागले, तरी ते हूं की चूं करीत नाही. ते ओरडते ते फुगले, ताणले वा मुरगळले म्हणजे. आणि ओरडले तरी त्याच्या मज्जातंतूंचा टपाल-बटवडा इतका ढिसाळ, की पाच-सात गावांची पत्रे एकाच थैलीत पडून मेंदूकडे जातात आणि मेंदू सगळ्यांवर एकच शिक्का मारतो: "बेंबीजवळ." आंत्रपुच्छाचेच पाहा. करंगळीएवढा हा अवयव राहतो उजव्या कोपऱ्यात. पण त्याला सूज आली की पहिले काही तास दुखते ते बेंबीभोवती. सूज वाढून भोवतालच्या अस्तराला टेकली, म्हणजे मग ते अस्तर खणखणीत साक्ष देते आणि कळ आपल्या खऱ्या गावी, उजव्या कोपऱ्यात जाऊन बसते. ती जागा न्यूयॉर्कचे शल्यविशारद चार्ल्स मॅकबर्नी यांनी १८८९ मध्ये मोजून दिली: कमरेच्या हाडाच्या पुढच्या उंचवट्यापासून बेंबीकडे सरळ रेघ मारावी आणि हाडापासून दीड-दोन इंचांवर बोट ठेवावे. इतका रेखीव चतुःसीमेचा उतारा मी माझ्या उभ्या नोकरीत पाहिला नाही.

या करंगळीएवढ्या अवयवाच्या अधिकाराची कल्पना यावयास एकच दाखला पुरे. इंग्लंडचा सातवा एडवर्ड याचा राज्याभिषेक २६ जून १९०२ रोजी मुक्रर झाला होता. देशोदेशींचे राजे, त्यांत आपले संस्थानिकही, लंडनास जाऊन दाखल झाले होते. आणि दोन दिवस आधी, २४ जूनला, महाराजांच्या पोटातील त्या कोपऱ्यात झालेले गळू फ्रेडरिक ट्रीव्हझ या शल्यविशारदांस राजवाड्यातच फोडावे लागले. ज्याच्या राज्यावर सूर्य मावळत नाही अशी ख्याती, त्याचा समारंभ उजव्या कोपऱ्यातल्या त्या अदना रहिवाशाच्या हुकुमाने ९ ऑगस्टपर्यंत तहकूब झाला. आमच्याकडे कलेक्टरसाहेबांचा दौरादेखील इतक्या अल्प मुदतीच्या नोटिशीवर रद्द होत नसे.

"म्हणजे मला तेच?" मी विचारले.

"तुम्हाला राज्याभिषेक आहे का कुठे?" डॉक्टर म्हणाले आणि पोट दाबू लागले.

मग प्रश्न सुरू झाले. जेवल्यावर किती वेळाने दुखते? रिकाम्या पोटी दुखते का? खाल्ल्याने थांबते की वाढते? यामागेही शास्त्र आहे. जठराच्या पुढच्या वळणावर व्रण असेल तर जेवणानंतर दोन-तीन तासांनी, किंवा ऐन मध्यरात्री, पोट जळते आणि दोन घास खाल्ले की निवते. माधवनिदानात शूळाचे आठ प्रकार सांगून झाल्यावर अन्न पचत असताना होणारा परिणामशूळ वेगळा काढलेला आहे तो उगीच नव्हे. या व्रणाचे खापर जगाने पिढ्यान्‌पिढ्या दोन निरपराध्यांवर फोडले: एक चिंता, दुसरी मिरची. सौभाग्यवती माहेरची कोल्हापूरकडची असल्यामुळे मी तर हा आरोप बत्तीस वर्षे तिच्या रश्श्यावर ठेवीत आलो आहे. मिरचीने जळजळ वाढते हे खरे. पण मूळ गुन्हेगार निघाला एक पीळदार जंतू. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी तो हुडकला, आणि कोणी विश्वास ठेवीना तेव्हा १९८४ मध्ये मार्शलसाहेबांनी त्या जंतूंचा पेला स्वतःच घशाखाली उतरवून जठराला सूज आणून दाखविली. २००५ साली दोघांना नोबेल मिळाले. पोटात काहीही घातल्याबद्दल मानसन्मान मिळाल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. मी तीन पेले घेतले तर मला टेबलावर निजवले. त्या जंतूचा जोडीदार म्हणजे सांधेदुखीच्या गोळ्या. गुडघ्यासाठी महिनोन्‌महिने उपाशीपोटी घेतलेल्या या गोळ्या गुडघ्याचे भांडण जठरात आणून मिटवतात.

बाकी बहुसंख्य पोटदुखी ही इतकी मानाची नसते. वायू धरतो, गुबारा येतो, तीन दिवस कोठा साफ नसतो. लहान मुलाला जंत होतात. पुष्कळांना वयाबरोबर दुधातली साखर पचविणारे पाचकद्रव्य आटत जाते, आणि मग कोजागिरीचे दूध आतड्यात आंबून रात्रभर गुडगुडते. आपण खापर चंद्रकिरणांवर फोडतो. शाळकरी मुलांचे पोट सोमवारी सकाळी नेमके बेंबीवर दुखते आणि शाळेची घंटा होऊन गेली की थांबते. ते खोटे असतेच असे नाही. गणिताची भीतीही आतड्याला मुरड घालू शकते, आणि भीतीने पोटात गोळा उठतो हे भाषेने वैद्यकाच्या आधीच नोंदवून ठेवले आहे. माझ्या आजीजवळ याला उपाय मुरुडशेंगेचा असे. पिळलेल्या दोरीसारखी ती शेंग. पोटाला मुरडा आला तर मुरडलेली शेंग उगाळून द्यावी, असा काट्याने काटा काढण्याचा सरळ हिशेब. मुरडा तिने थांबे की चवीच्या धाकाने, याचा निवाडा मी आजवर करू शकलेलो नाही.

एका ठिकाणी मात्र डॉक्टरांनी थट्टा सोडली आणि न विचारता छातीला तारा लावून हृदयाचा आलेख काढला. मी म्हटले, दुखते ते पोट. ते म्हणाले, तुमच्या वयाच्या माणसाच्या बरगड्यांच्या फाट्यात कळ आली, घाम सुटला, जीव घाबरला, की पुष्कळ घरांत त्याला "गॅस आहे" म्हणून सोडा-लिंबू पाजतात आणि निजवतात. त्यांतल्या काहींचे हृदय अडलेले असते. तारा काढेपर्यंत मी काही बोललो नाही. सौभाग्यवती खिडकीबाहेर पाहत होती. आलेख स्वच्छ निघाला तेव्हा तिने पहिल्याने माझ्याकडे पाहून "चार वडे!" असे म्हटले, आणि सर्व काही पूर्ववत झाले.

शेवटी डॉक्टरांनी उजव्या बरगडीखाली चार बोटे रोवली आणि म्हणाले, "आता दीर्घ श्वास घ्या." मी घेऊ लागलो, आणि निम्म्या वाटेवर, जिन्यात कोणी एकदम दार लावून घ्यावे तसा, श्वास अडला. तो पुढे जाईना. शिकागोच्या मर्फी नावाच्या शल्यविशारदांनी दाखवून दिलेली ही खूण: श्वासाबरोबर यकृत खाली उतरते, त्याच्या पोटाशी असलेले सुजलेले पित्ताशय वैद्याच्या बोटांवर येऊन आदळते, आणि मालक श्वास घेणे विसरतो.

डॉक्टरांनी बोटे काढली. "उजवा खांदा दुखतो का हो अधूनमधून?"

मी चकित झालो. खांद्याविषयी मी अवाक्षर काढले नव्हते. "वर्षभर दुखतोय. पण त्याला मी नारायण तेल लावतो."

"रविवारी जास्त?"

रविवारी आमच्याकडे पुरी किंवा भजी असतात.

मग कळले ते असे. छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल म्हणून जो पडदा आहे तो गर्भावस्थेत प्रथम मानेजवळ तयार होतो आणि मग खाली उतरतो. उतरताना आपला मज्जातंतू मानेपासून ओढीत आणतो. त्या पडद्याने मुक्काम हलविला, पण दप्तरी नोंद अजून मानेचीच. फेरफार झालेलाच नाही! खांद्याच्या त्वचेची नोंदही त्याच कचेरीत. म्हणून पडद्याशेजारी पित्ताशयाने तंटा केला की समन्स निघते ते खांद्याच्या नावाने. यकृतात तयार झालेले पित्त साठवावयाची ही एक लहानशी कोठी. तेलतूप पोटात गेले की ती आवळते आणि पित्त सोडते. आणि आत खडे जमले असतील तर नेमका त्याच वेळी एखादा दारात अडकतो. असे दर रविवारी होत होते, आणि मी पन्नासावर आठवडे निरपराध खांद्याला तेल चोळून, असली आरोपीला भजी खाऊ घालीत होतो.

सोनोग्राफीत खडे दिसले. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. पोटावर चार लहान छिद्रे, आणि तीन दिवसांनी घर. तो सगळा भाग सांगण्याजोगा नाही. भूल दिल्यामुळे त्याचा मी प्रत्यक्ष साक्षीदारही नाही. पण निघताना इस्पितळाच्या परिचारिकेने झाकणाची एक लहान काचेची बाटली सौभाग्यवतीच्या हातात ठेवली. आत सतरा खडे होते. पिवळसर, तपकिरी, काही कंगोरेदार, आणि एक तर चांगला टपोऱ्या हरभऱ्याएवढा.

रविवारी अण्णा मोसंबी घेऊन समाचाराला आले. मखमली डबी त्यांच्या खिशात होती. खिशाला आलेल्या आकारावरून मला ती दिसत होती. मी काही न बोलता बाटली त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती उचलून उजेडाला धरली, हलवली, खडे खुळखुळले. मग ओठ हलवीत त्यांनी ते मोजले. पुन्हा एकदा मोजले.

"माझा नैसर्गिक मार्गाने आला होता," ते बऱ्याच वेळाने म्हणाले.

"हो ना," मी म्हटले.

"कापाकापी करून काय, कोणाचेही निघतील."

सौभाग्यवती चहा आणि बशीत भजी घेऊन आली. भजी अर्थातच पाहुण्यांसाठी, मला ती आता केवळ दर्शनाची. अण्णांनी बशी दूर सारली.

"नको वहिनी. आज जरा पोटात बरं नाही."

"अगंबाई! ओवा देऊ का?"

"नको, नको," अण्णा उठता उठता म्हणाले, आणि बाटलीकडे पुन्हा एकदा पाहून घेऊन त्यांनी चपला शोधल्या.